अवयवांची रांग सुरू कुठून होते?

२००९ च्या मार्चमध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांच्यावर यकृताचं प्रत्यारोपण झालं. बातमी बाहेर आली जूनमध्ये आणि लगेच चर्चा सुरू झाली. माणूस राहणारा कॅलिफोर्नियाचा, मग यकृत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये कसं मिळालं? पैसा ओतून रांग मोडली, असं बहुतेकांनी धरून चालायला सुरुवात केली. रुग्णालयाने जॉब्ज यांच्या परवानगीने खुलासा केला: ते यकृत उपलब्ध झालं तेव्हा त्यांच्या रक्तगटाच्या रुग्णांत सर्वांत गंभीर प्रकृती त्यांचीच होती. नियम कुठेही मोडला नव्हता.

तरीही मन पूर्ण मानत नाही, आणि न मानण्यात तथ्य आहे. अमेरिकेत रुग्णाला एकाहून जास्त केंद्रांत नाव नोंदवता येतं. मेम्फिसच्या भागात यकृतासाठी कॅलिफोर्नियापेक्षा बराच कमी काळ थांबावं लागत असे. पण तिथे नाव लावायचं तर सगळ्या तपासण्या तिथे जाऊन करायच्या आणि फोन आला की काही तासांत अडीच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर कापून हजर व्हायचं. स्वतःचं विमान असलेल्याला हे जमतं. रोजंदारीवर काम करणाऱ्याला त्या नियमाचा काय उपयोग?

अवयव वाटपात न्याय होतो की नाही हे पाहताना आपण नेहमी यादीकडे पाहतो. कोण कितवा, कोणाला डावललं. यादी महत्त्वाची आहेच. पण मला वाटतं, बराचसा अन्याय नाव यादीत येण्याआधीच होऊन गेलेला असतो. आणि जिवंत माणसाच्या दानात तर सार्वजनिक यादीच नसते. तिथे घरातल्या घरात ठरतं, आणि ते कसं ठरलं हे बाहेर कुणाला दिसत नाही.

अवयव कमी का पडतात?

निकामी झालेला अवयव काढून किंवा तसाच ठेवून दुसऱ्याचा चालता अवयव बसवणं म्हणजे प्रत्यारोपण. देणारा दोन प्रकारचा असतो. जिवंत दाता आपल्या दोनपैकी एक मूत्रपिंड किंवा यकृताचा एक भाग देतो. मृत दाता बहुतेक वेळा 'मेंदूमृत' असतो, म्हणजे त्याच्या मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं, पण यंत्राच्या श्वासावर हृदय चालू असल्यामुळे अवयवांना रक्त मिळत राहतं. काही देशांत हृदय थांबून मृत्यू झालेल्यांचेही अवयव घेतात, पण तिथे मिनिटामिनिटाचा हिशेब असतो.

अडचण अशी की बहुतेक मृत्यू असे होतच नाहीत. इच्छा असली, अर्ज भरलेला असला, तरी अतिदक्षता विभागात विशिष्ट पद्धतीने मृत्यू आला तरच महत्त्वाचे अवयव वापरता येतात. आणि काढलेला अवयव टिकतोही थोडाच काळ: हृदय चार-सहा तास, यकृत साधारण बारा तास, मूत्रपिंड एक-दीड दिवस. जगभर वर्षाला दीड लाखांहून जास्त प्रत्यारोपणं होतात, तरी एकूण गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा भागतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज आहे. एकाला दिलेलं यकृत दुसऱ्या कुणाला तरी मिळालेलं नसतं. पुढचे सगळे नैतिक प्रश्न इथूनच निघतात.

आधी नाव लावलं त्याला आधी का नाही?

अवयवांची यादी तिकीट-खिडकीपुढच्या रांगेसारखी चालत नाही. कुठला अवयव आला त्यावर क्रम बदलतो. रक्तगट, शरीराचा आकार, रक्तातली प्रतिद्रव्यं यांनुसार अर्धी यादी तर आपोआप गळते, कारण कुलूपच वेगळं असेल तर किल्ली कितीही चांगली असून काय उपयोग?

उरलेल्यांत दोन तत्त्वांची ओढाताण असते. एक म्हणतं, ज्याचा जीव आधी जाईल त्याला द्या. दुसरं म्हणतं, ज्याला जास्त वर्षं उपयोग होईल त्याला द्या. यकृतात पहिल्याचं वजन जास्त, कारण निकामी यकृताला पर्याय ठरेल असं यंत्र नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसवर, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून, काही वर्षं थांबता येतं, म्हणून तिथे प्रतीक्षेच्या काळाला किंमत असते. युरोपातल्या काही देशांनी मिळून १९९९ मध्ये एक वेगळी वाट काढली. पासष्टी ओलांडलेल्या मृत दात्याचं मूत्रपिंड पासष्टी ओलांडलेल्या रुग्णालाच, तेही जवळच्या केंद्रात द्यायचं. जुन्या अवयवाचं उरलेलं आयुष्य आणि रुग्णाचं उरलेलं आयुष्य यांचा मेळ बसतो आणि म्हाताऱ्या रुग्णांचा थांबण्याचा काळही कमी होतो. मला ही तडजोड पटते, कारण तिच्यात कुणाला वयामुळे बाहेर काढलेलं नाही.

मग समाजाला जास्त उपयोगी माणसाला आधी द्यावं का?

हा प्रयोग होऊन गेला आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडण्याची युक्ती काढली आणि डायलिसिस वर्षानुवर्षं करता येईल असं झालं. यंत्रं मोजकी, रुग्ण भरपूर. १९६२ पासून निवड करायला सात जणांची समिती बसू लागली: वकील, धर्मगुरू, बँकेतला माणूस, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक शल्यविशारद. त्यांची नावं गुप्त होती. वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरलेल्या रुग्णांतून कुणाला जगवायचं हे ते ठरवत. लग्न झालंय का, मुलं किती, उत्पन्न काय, शिक्षण किती, चर्चला जातो का, हे सगळं विचारात घेतलं जाई.

त्याच वर्षी 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकात हे छापून आलं आणि लोक हादरले. त्या सात जणांना मी वाईट म्हणणार नाही. कुणाला तरी निवडावंच लागणार होतं. पण त्यांच्या तराजूवर 'योग्य' ठरणारा माणूस बराचसा त्यांच्यासारखाच निघत होता. एकटा, अबोल, चाकोरीबाहेर जगणारा माणूस अशा समितीपुढे टिकलाच नसता. १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च उचलला, आणि निदान त्या एका उपचारापुरती निवडीची वेळ टळली. अवयवांच्या बाबतीत ती टळत नाही. म्हणून हळूहळू निर्णय माणसाच्या मतावरून काढून मोजता येणाऱ्या गोष्टींवर नेण्यात आला.

गणित तरी निष्पक्ष असतं ना?

असावं अशी अपेक्षा असते. २००२ पासून अमेरिकेत यकृतासाठी रक्तातल्या तीन तपासण्यांवरून गुण काढू लागले. गुण जितके जास्त, तितका मृत्यू जवळ आणि तितका क्रम वर. त्या तिनांत एक होतं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून तयार होणारं आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं द्रव्य. बायकांच्या शरीरात सरासरीने स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. त्यामुळे पुरुषाइतकीच आजारी बाई कागदावर कमी आजारी दिसत राहिली. हे सूत्र २०२३ मध्ये सुधारलं गेलं. म्हणजे मधली वीस वर्षं ही चूक कुणाच्याही दुष्ट हेतूशिवाय चालू होती.

मूत्रपिंडाच्या सूत्रातली गोष्ट याहून गंभीर आहे. मूत्रपिंड किती काम करतं याचा अंदाज रक्त तपासून काढतात. तो आकडा २० किंवा त्याखाली आला की अमेरिकेत प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते. जुन्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेला आकडा वाढवून धरत. मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं दिसे आणि नाव उशिरा लागे. २०२२ मध्ये ही पद्धत बंद केली आणि २०२३ पासून, आधीच यादीत असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा बुडालेला काळ भरून देणं केंद्रांना बंधनकारक झालं. सुमारे वर्षभरात १४ हजारांहून जास्त जणांची प्रतीक्षा मागच्या तारखेपासून मोजली गेली, सरासरी दोन वर्षांनी मागे नेऊन. नियम बदलणं एक वेळ सोपं असतं. जुन्या नियमाने ज्यांचं नुकसान केलं त्यांना शोधून ते भरून देणं फार क्वचित घडतं, म्हणून मला या निर्णयाचं मोल वाटतं.

यादीच्या आधीचे दरवाजे

यादीत नाव यायचं तर आधी कुणीतरी आजार ओळखायला हवा, प्रत्यारोपण होऊ शकतं हे सांगायला हवं, चिठ्ठी देऊन केंद्राकडे पाठवायला हवं. मग महागड्या तपासण्या, वारंवार हेलपाटे. केंद्र आणखी दोन गोष्टी पाहतं: शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यावी लागणारी औषधं रुग्णाला जन्मभर परवडतील का, आणि घरी त्याची काळजी घेणारं कुणी आहे का. दोन्ही प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या रास्त आहेत. औषधं चुकली तर अवयव वाया जातो आणि तो दुसऱ्या कुणाला तरी जगवू शकला असता. पण त्याच प्रश्नांच्या चाळणीतून गरीब आणि एकटी माणसं खाली पडतात, आणि ती कुठल्याच यादीत नसल्यामुळे कुठल्याच आकडेवारीत दिसत नाहीत.

यावर उपाय असतात. २०१४ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत मूत्रपिंडासाठीचा प्रतीक्षाकाळ नाव नोंदवल्याच्या दिवसापासून मोजत. एखाद्याला पाच वर्षं डायलिसिस करूनही कुणी प्रत्यारोपणाबद्दल सांगितलं नसेल तर ती पाच वर्षं गेली. त्यानंतर डायलिसिस सुरू झालेला दिवस धरायला लागले. एक तारीख बदलली आणि उशिरा पोहोचलेल्यांना त्यांची हक्काची जागा मिळाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. मृत दात्याचे अवयव समाजाच्या सगळ्या थरांतून येतात. ज्या कुटुंबाला दुःखाच्या त्या घडीला 'अवयव द्याल का' असं आपण विचारतो, त्या कुटुंबातल्या माणसाला गरज पडली असती तर अवयव मिळाला असता का? याचं उत्तर 'नाही' असेल, तर द्यायला सांगण्याचा आपला अधिकार फार कमजोर होतो.

दारू पिऊन यकृत घालवलं, त्याला कशाला द्यायचं?

हा आक्षेप मनापासून येतो. बऱ्याच केंद्रांत सहा महिने दारू सोडल्याशिवाय नाव घेत नसत. त्यामागे एक वैद्यकीय कारण आहे, कधी कधी दारू बंद झाल्यावर यकृत स्वतःहून सावरतं. पण ज्यांच्याकडे सहा महिनेच नसतात ते या नियमामुळे मरतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी फार काळजीपूर्वक निवडलेल्या अशा रुग्णांवर न थांबता प्रत्यारोपण केलं आणि त्यांचं जगण्याचं प्रमाण खूप वाढलेलं दिसलं. नवा अवयव टिकेल का, हा प्रश्न विचारायलाच हवा. रुग्णाने काय पाप केलं हा प्रश्न विचारू लागलो की आपण सिॲटलच्या समितीच्या खुर्चीत जाऊन बसतो.

जिवंत दाता: निरोगी माणसावर चाकू

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे आणि सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकचं मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवलं. यशस्वी झालेलं हे पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण. रिचर्ड आणखी आठ वर्षं जगला. रोनाल्ड २०१० पर्यंत. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डनेच भावाला चिठ्ठी पाठवली होती की निघून घरी जा. रोनाल्डने उलट कळवलं, मी इथेच आहे आणि इथेच राहणार.

जिवंत दानातली संमती कशी असावी हे मला त्या चिठ्ठीत दिसतं. घेणाऱ्याने 'नको देऊस' म्हटलं, देणाऱ्यापुढे दार उघडं होतं, आणि तरी तो थांबला.

बहुतेक घरांत असं दार कुणी उघडून देत नाही. 'देशील का?' असं थेट कुणी विचारतही नाही. 'तुझा रक्तगट जुळतो म्हणे' एवढंच वाक्य येतं आणि खोलीतले सगळे गप्प होतात. घरातल्या कमावत्याला कामावरून रजा परवडत नाही, म्हणून तपासणीला दुसऱ्याच कुणाला पाठवलं जातं. जगातल्या बहुतेक देशांत जिवंत दात्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आढळतात. त्यातला काही भाग प्रेमाचा, काही वैद्यकीय कारणांचा. पण 'हिचं काम थांबलं तरी चालेल' हा न बोललेला हिशेब त्यात नसतो, असं मला म्हणवत नाही.

धोका किती? अमेरिकेतल्या ८० हजारांहून जास्त मूत्रपिंडदात्यांच्या नोंदी २०१० मध्ये तपासल्या गेल्या. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत १० हजारांमागे सुमारे ३ मृत्यू आढळले. पुढच्या आयुष्याबद्दल २०१४ चा अंदाज असा: दात्याचं उरलेलं मूत्रपिंड निकामी होण्याची जन्मभरातली शक्यता १० हजारांत ९०, तितक्याच निरोगी पण दान न केलेल्या माणसात १४. म्हणजे धोका लहान आहे, पण तो दानामुळे वाढतो. यकृताचा भाग देणाऱ्याचं यकृत पुन्हा वाढतं, पण ती शस्त्रक्रिया मूत्रपिंड काढण्यापेक्षा कितीतरी पटींनी धोक्याची असते. दात्याला हे दोन्ही आकडे सांगायला हवेत. 'काही होत नाही, एका मूत्रपिंडावर माणूस आरामात जगतो' एवढंच सांगून घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

म्हणूनच चांगल्या केंद्रांत दात्याचा डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरपेक्षा वेगळा असतो. दात्याशी एकट्याने, कुटुंबाला बाहेर बसवून बोलतात. भूल देईपर्यंत केव्हाही माघार घेता येते, हे त्याला आणि घरच्यांना आधीच सांगितलेलं असतं. माघार घेतलीच तर घरी जाऊन तो काय सांगणार? अशा वेळी केंद्र फक्त 'दाता म्हणून योग्य नाही' एवढंच कळवतं. हे खोटं बोलणं आहे, असा आक्षेप काही नीतिशास्त्रज्ञ घेतात. मला यावरचा उत्तम मार्ग असा वाटतो: कारण वैद्यकीय असो वा मनाचं, प्रत्येक नकाराला केंद्राने हेच एक वाक्य वापरावं. मग कुणाशी खोटंही बोलावं लागत नाही आणि कुणी उघडाही पडत नाही.

द्यायची इच्छा आहे, पण जुळत नाही

पतीचा रक्तगट ए, पत्नीचा बी. तिला द्यायचंय, पण जमत नाही. दुसऱ्या घरात नेमकं उलट. मग या घरातली दाती त्या घरातल्या रुग्णाला देते आणि तिथला दाता इथे देतो. ही कल्पना १९८६ मध्ये मांडली गेली, १९९१ मध्ये दक्षिण कोरियात प्रत्यक्षात आली, आणि अशा जोड्या जास्तीत जास्त कशा जुळवायच्या याचं शास्त्र रचणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात. आपल्या माणसाला मूत्रपिंड मिळाल्यावर एका बाजूच्या दात्याने पाऊल मागे घेतलं तर त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, आणि करता कामाही नये.

यातही कुणी मागे पडतं. ओ गटाचा दाता कुणालाही देऊ शकतो, म्हणून तो आपल्या माणसाला थेट देऊन मोकळा होतो आणि अदलाबदलीत क्वचितच येतो. ओ गटाचा रुग्ण मात्र फक्त ओ कडूनच घेऊ शकतो. त्यामुळे अदलाबदलीच्या यादीत ओ गटाचे रुग्ण साचत जातात. कुणा विशिष्ट माणसासाठी नव्हे, तर कुणालाही चालेल म्हणून मूत्रपिंड देणारा दाता अशा वेळी साखळीची पहिली कडी होतो. २००७ मध्ये अमेरिकेत अशा एका दात्यापासून सुरू झालेल्या साखळीतून १० प्रत्यारोपणं झाली.

विकू द्यायला काय हरकत आहे?

'शरीर माझं, गरज माझी, विकतो मी' हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. इराणने १९८८ पासून सरकारी देखरेखीखाली मूत्रपिंडदात्याला मोबदला द्यायची पद्धत ठेवली आणि तिथली प्रतीक्षा कमी झाल्याचं सांगितलं जातं. पण देणारे कोण? बहुतांशी गरीब. २००२ मध्ये चेन्नईतल्या ३०५ मूत्रपिंड विकलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला मूत्रपिंड विकलं होतं. त्यानंतर त्यांच्या कुटुंबांचं सरासरी उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं, ८६ टक्क्यांनी तब्येत बिघडल्याचं सांगितलं, आणि ७९ टक्के म्हणाले की दुसऱ्याला आम्ही हा सल्ला देणार नाही. तो बाजार बेकायदा होता, कायदेशीर केला तर असं होणार नाही, असं कुणी म्हणेल. तरी अवयव खालून वर जाणार आणि उलटा कधीच येणार नाही, हे कायद्याने बदलत नाही.

प्रत्यारोपणातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीतून निघालेल्या २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने अवयवांच्या व्यापाराचा निषेध केला. २०१८ च्या सुधारित जाहीरनाम्यात त्याला जोडूनच एक तत्त्व आहे: दान केल्यामुळे दात्याला कमाईही होऊ नये आणि खिशालाही खार लागू नये. प्रवास, औषधं, बुडालेला पगार भरून देणं म्हणजे खरेदी नव्हे. हे न देणाऱ्या व्यवस्थेत ज्याच्याकडे शिल्लक आहे त्यालाच उदार होणं परवडतं.

दिल्यानंतर काय?

बोस्टनमध्ये १९५४ साली रोनाल्डने डॉक्टरांना विचारलं होतं, पुढे जन्मभर माझ्या तब्येतीची जबाबदारी रुग्णालय घेईल का? उत्तर 'नाही' असंच मिळालं. आणि लगेच डॉक्टरांनी उलट विचारलं, तुला कधी मदत लागली तर या खोलीतला कुणी नाही म्हणेल असं तुला वाटतं का? त्याला तेवढं आश्वासन पुरलं.

आज अमेरिकेत पूर्वी दान केलेल्याला स्वतःलाच मूत्रपिंड लागलं तर यादीत जास्तीचे गुण मिळतात, हे योग्यच आहे. पण दात्याची तब्येत कळवत राहण्याचं बंधन तिथल्या केंद्रांवर फक्त दोन वर्षांचं आहे: सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं. पंचविशीत मूत्रपिंड दिलेल्या मुलीची सक्तीची नोंद सत्ताविसाव्या वर्षी संपते. उरलेल्या मूत्रपिंडावर ताण आला तर तो बहुधा दिसेल तिच्या पन्नाशीत, तेव्हा तिला कुणी विचारायला आलेलं नसेल, आणि पुढच्या दात्याला सांगायचा आकडाही तिच्याशिवायच काढलेला असेल.